तात्यापाऱ्यातली दुनाळी

जून २०२३ मध्ये रायपूरची पोस्टिंग ऑर्डर हातात आली, तेव्हा युनिटमधल्या पोरांनी माझं अभिनंदन केलं. एन.सी.सी. बटालियनमध्ये पी.आय. स्टाफ म्हणजे फौजेतली पीस पोस्टिंग. सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी मॅप रीडिंगचा वर्ग, आठवड्यातून एखादा दिवस पॉइंट टू टू रायफलची फायरिंग. वर्षानुवर्षं डोंगरात काढलेल्या सुभेदाराला याहून सुखाचं काय हवं? माझ्यासाठी आणखी एक गोष्ट होती. रायपूर हे माझं आजोळ.

आमचे वडील सातारकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना नवा होता त्या काळात नोकरीसाठी इकडे आले आणि रायपूरच्या तात्यापाऱ्यातली मुलगी करून घेतली. पुढे गावची शेती बघायला परत गेले. त्यामुळे आजोळ माझ्या वाट्याला आलं ते फक्त मे महिन्याच्या सुट्टीत. कवेलूंचं छप्पर, मधोमध चौक, चौकात पेरूचं झाड आणि समोरच्या खोलीत तुळईला पडलेलं एक भोक. भोक एक नव्हतं. एक मोठं आणि भोवती बारीक बारीक, जणू कुणी लाकडावर मोहरी फेकून मारली होती. लहानपणी विचारलं की आजी म्हणायची, "भुंग्यानं पोखरलं." आई काहीच म्हणायची नाही.

छत्तीसगडात मराठी माणूस कसा, असं आमच्याकडचे लोक अजून विचारतात. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचा सरदार भास्करपंत इकडे फौज घेऊन आला. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागला. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं, पण फौजेबरोबर, कचेरीबरोबर आलेली घरं इथेच राहिली. तात्यापारा, बूढापारा या भागात आजही दाराशी तुळशीवृंदावन आणि आत मराठी बोलणं सापडतं. फक्त ते मराठी नागपूरच्या वळणाचं असतं आणि दर तिसऱ्या वाक्याला हिंदीत शिरतं. आमच्या मामांचंही तसंच.

जॉइन झाल्यावर पहिल्याच रविवारी मामांकडे गेलो. मामी गेल्यापासून घरात मामा आणि माझी मामेबहीण. मामेभाऊ पुण्यात नोकरीला. बहीण आरंगकडची धानाची शेती बघते. ट्रॅक्टरवाल्याशी हुज्जत घालण्यापासून मंडीत धान पोचवण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. मामांनी चहा संपू दिला आणि म्हणाले, "तू फौजी आहेस नं. एक चीज दाखवतो." कपाटातून त्यांनी चामड्याचं लांबट कव्हर काढलं.

आत बारा बोअरची दुनाळी होती.

ही बंदूक माझ्या पणजोबांनी कलकत्त्याहून आणली होती. घराकडे तेव्हा दोन गावांची मालगुजारी होती. रायपूर हे नागपूर-कलकत्ता रेल्वेमार्गावरचं स्टेशन, त्यामुळे हौसेची वस्तू घ्यायची म्हणजे कलकत्त्याला जायचं. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'आर. बी. रॉडा अँड कंपनी, कलकत्ता' ही अक्षरं अजून वाचता येतात. हे नाव इतिहासात वेगळ्याच कारणानं आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी याच कंपनीच्या मालातली ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं बंगालच्या क्रांतिकारकांनी भर दिवसा पळवली होती. आमची बंदूक मात्र रीतसर पावती करून आली. मालगुजारी १९५१ मध्ये गेली, गावं गेली, दिवाणखान्यातलं हरणाचं शिंगही कुणीतरी नेलं. बंदूक राहिली.

मामांनी ती माझ्या हातात दिली. वीस-पंचवीस वर्षं अंगी मुरलेली सवय. हत्यार हातात आलं की तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापाच्या बाहेर, आणि आधी उघडून बघायचं. उघडली. दोन्ही नळ्या रिकाम्या. पण खिडकीकडे धरून आत बघितलं आणि जीव हळहळला. आरशासारख्या चमकायला हव्यात त्या नळ्यांत तांबूस ठिपके. बाहेरून जिथे जिथे चामडं चिकटलं होतं तिथे गंजाचे नकाशे. कुंद्याच्या मानेवरचं अक्रोडाचं लाकूड वर्षांचं तेल पिऊन काळं आणि मऊ पडलेलं. उघडमीट करताना नळ्या किंचित हलत होत्या.

"हिला कव्हरमध्ये का ठेवता मामा?" मी विचारलं. "चामडं ओलावा धरतं. ते कमावताना लावलेले क्षारही लोखंडाला खातात."

"आमाले काय माहीत? बाबांनी ठेवली तशी ठेवली."

मग त्यांनी खरा विषय काढला. वय चौऱ्याहत्तर. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी खेटे होत नाहीत. एक तर बंदूक कायमची जमा करायची, नाहीतर कुणाच्या तरी नावावर करायची. "तू घे. फौजी माणूस आहेस, तुझ्या हातात शोभेल. दुरुस्त करून घे. दसऱ्याला एक बार काढत जाऊ."

मी लगेच हो म्हणालो नाही. मला घाई नव्हती आणि मामांना वाटत होती तेवढी ही गोष्ट सोपीही नव्हती.

माझ्या माजी सैनिक वाचकांसाठी कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण गावागावांत अशा बंदुका कपाटात पडून आहेत. आपल्याकडचा शस्त्रपरवाना हा मूळ इंग्रजांच्या भीतीतून आला. याच रायपुरात १८ जानेवारी १८५८ रोजी हनुमानसिंह नावाच्या मॅगझीन लष्करानं सार्जंट मेजर सिडवेलला ठार मारून बंडाची हाक दिली. तो स्वतः निसटला, पण त्याच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीला सगळ्यांसमोर फाशी दिलं. वीस वर्षांनी, १८७८ मध्ये, शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं बंद झालं. गोऱ्यांना सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, तोच आज चालतो. त्याखालच्या २०१६ च्या नियमांत वडिलोपार्जित शस्त्राची सोय आहे. परवानाधारक वारला, किंवा त्याला ७० वर्षं पूर्ण झाली, किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. आजोबा १९८५ मध्ये गेले, तेव्हापासून बंदूक मामांच्या नावावर. म्हणजे दोन्ही अटी पुऱ्या.

पण कायदा वारस म्हणतो. मामांना मुलगा आहे, मुलगी आहे. भाच्यानं मध्ये कशाला यायचं? आणि मी तर बदलीचा माणूस. दोन वर्षांनी कुठे असेन ते मलाच ठाऊक नाही.

मी हे बोललो तेव्हा बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, मी नाही का वारस?"

मामा हसले. "तू काय करशील बंदुकीचं?"

"तेच जे दादा करेल. सांभाळीन."

त्या दिवशी विषय तिथेच थांबला.

दसऱ्याच्या आधी मामांनी मला घरी बोलावलं होतं, पण ९ ऑक्टोबर २०२३ ला विधानसभेची आचारसंहिता लागली. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा होतात. मामा आणि मी जाऊन बंदूक जमा केली, पावती घेतली. दसऱ्याच्या दिवशी पाटावर विळा, कोयता, ट्रॅक्टरची किल्ली, माझा जुना कंपास आणि बंदुकीच्या जागी लायसन्सचं पुस्तक. बहिणीनं त्यावर झेंडूचं फूल ठेवलं. आम्ही दोघं हसलो. मामा हसले नाहीत. जेवण झाल्यावर ते मला समोरच्या खोलीत घेऊन गेले आणि तुळईकडे बोट केलं.

"ते भुंग्याचं नाही."

१९६१ चा दसरा. पूजा झाल्यावर आजोबा चौकात उभे राहून आकाशाकडे दोन बार काढायचे, ही घरची रीत. मामा बारा वर्षांचे. वडील धोतर बदलून येईस्तोवर आपणच बंदूक भरून तयार ठेवावी, म्हणजे शाबासकी मिळेल, असं त्यांना वाटलं. काडतुसं कुठे असतात ते ठाऊक होतं. उजव्या नळीत एक घातलं आणि त्यांनी नेहमी बघितलं होतं तशी बंदूक झटक्यात बंद केली. बार उडाला. छर्रे तुळईत गेले, वरचे कवेलू फुटून खाली आले आणि खाली सात वर्षांची माझी आई बसली होती. तिच्या डाव्या भुवईवर खोल चीर पडली.

आईच्या भुवईवरची ती खूण मी जन्मापासून बघत आलो. विचारलं की ती म्हणायची, "लहानपणी पायरीवरून पडले." शेवटपर्यंत हेच सांगितलं. २०१६ मध्ये ती गेली.

"मी चाप ओढला नव्हता," मामा म्हणाले. "सेफ्टी लावून होती. बाबांना हजार वेळा सांगितलं. बाबा म्हणाले, खोटं बोलू नको. चाप ओढल्याशिवाय बंदूक वाजते का कधी? त्यांनी मला मारलं नाही. फक्त त्यानंतर दसऱ्याला कधी बार काढला नाही."

बासष्ट वर्षांची गोष्ट. मी काय बोलणार? पण एक हत्यार शिकवणारा माणूस म्हणून माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. बंद करताना वाजली?

डिसेंबरात निकाल लागल्यावर बंदूक परत मिळाली. जानेवारीत आम्ही ती दुरुस्तीला न्यायची ठरवलं. इथे एक गंमत सांगतो. रोज सरकारी रायफल हाताळणारा मी, पण ही बंदूक एकट्यानं रस्त्यावर नेऊ शकत नव्हतो. परवाना नसलेला माणूस दुरुस्तीसाठी शस्त्र नेऊ शकतो ते परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारानं. दुरुस्तीही परवाना असलेल्या मिस्त्रीकडेच. घरी तेल-चिंदी करा, पण आतल्या कुलपांना हात लावू नका. म्हणून मामा पुढे बसले, मी गाडी चालवली, बंदूक तीन भाग करून मागे.

मिस्त्री साठीचे. वडील मुंगेरहून आलेले, तिथे मीर कासीमच्या काळापासून बंदुका घडवणारी घरं आहेत. बोलणं मात्र अस्सल छत्तीसगढी. त्यांनी बंदूक उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "बने बंदूक ए, फेर थक गे हे." बंदूक चांगली आहे, पण थकली आहे.

पहिलं काम नळ्यांचं. त्या सुट्या करून त्यांनी दोरीला टांगल्या आणि लाकडाच्या तुकड्यानं हलकेच ठोकल्या. घंटेसारखा लांब नाद आला. नाद बसका आला असता तर मधल्या पट्टीचं झाळण सुटलं आहे असं समजायचं. मग नळ्यांच्या खालचे शिक्के. मुकुटाखाली बी.पी., मुकुटाखाली बी.व्ही., आणि शंकरपाळ्याच्या चौकटीत १२ व सी. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के. बी.पी., बी.व्ही. १९०४ पासूनचे आणि शंकरपाळा १९२५ पर्यंतचा, म्हणजे बंदूक या दोन वर्षांच्या मधली. शेजारी 'नायट्रो प्रूफ'ही आहे, म्हणजे बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. हे फार महत्त्वाचं. जुन्या काही बंदुका फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या असतात, आणि त्यांत आजचं काडतूस घालणं म्हणजे हातात बॉम्ब धरणं.

दुसरी गोष्ट आणखी फसवी. बारा बोअर म्हणजे नळीच्या आतल्या मापाची शिशाची गोळी केली तर एका पौंडात बारा बसतात. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. तो सगळ्या बारा बोअरचा साधारण सारखाच. पण काडतूस जिथे बसतं त्या खोबणीची लांबी सारखी नसते. त्या काळच्या शिक्क्यात ही लांबी लिहिलेली नसायची. मिस्त्रींनी गेज घालून मोजली. अडीच इंच, म्हणजे ज्याला बाजारात ६५ मिलिमीटर म्हणतात. हल्लीची प्लास्टिकची काडतुसं बहुधा ७० ची. हा आकडा उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याचा आहे. न उडालेलं काडतूस तोंड मुडपल्यामुळे आखूड असतं, त्यामुळे ७० चं काडतूस ६५ च्या खोबणीत बिनतक्रार बसतं. उडताना मात्र त्याचं तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं आणि दाब वाढतो. बंदूक काहीच सूचना देत नाही. मामांच्या कपाटातला डबा आम्ही तपासला. दोन्ही मापांची मिसळ होती.

मग मिस्त्रींनी कुलपं बघायला घेतली. ही बिनघोड्याची दिसणारी बंदूक. घोडे असतात, पण आत. नळ्या मोडून उघडल्या की आतले घोडे ताणले जातात. प्रत्येक घोड्याला एक खाच, आणि त्या खाचेत एका छोट्या पट्टीचं टोक अडकलेलं. चाप ओढला की टोक खाचेतून सुटतं आणि घोडा पडतो. त्या टोकाचं आणि खाचेचं एकमेकांत अडकणं अगदी केसभर असतं.

मी त्यांना १९६१ सांगितलं नव्हतं. फक्त म्हणालो, "उस्ताद, झटका देऊन बघा."

त्यांनी नळ्यांत डमी काडतुसं घातली, बंदूक बंद केली, सेफ्टी मागे ओढली आणि रबराच्या हातोड्यानं कुंद्यावर ठोकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आत 'टक' झालं. उजवा घोडा पडला होता. सेफ्टी लागलेलीच होती.

"ये देखिए साहब," ते शांतपणे म्हणाले, "सेफ्टी सिर्फ़ ट्रिगर को रोकती है. घोड़े को नहीं."

मी मामांकडे बघितलं. ते बाकावर काठी धरून बसले होते. मिस्त्रींनी उजवं कुलूप उघडून भिंगाखाली खाच दाखवली. कडा घासून गोल झालेली. डावी बाजू अजून धारदार. मामांनी भिंग धरून बराच वेळ बघितलं.

खरं सांगायचं तर यातून पक्कं काही सिद्ध होत नाही. ही झीज १९६१ मध्ये होती की नंतरची, हे कुठलंही भिंग सांगू शकत नाही. मी फौजेत दोन कोर्ट ऑफ इन्क्वायरी बघितल्या आहेत, पुरावा आणि अंदाज यांतला फरक मला कळतो. मी तसं मामांना परतीच्या वाटेवर सांगितलंही. ते खिडकीबाहेर बघत होते. बूढा तालाब मागे पडल्यावर म्हणाले, "असो. काडतूस तर मीच घातलं होतं नं."

थोड्या वेळानं परत म्हणाले, "पण खोटं नव्हतो बोललो."

पुढचं काम संथ झालं. मिस्त्रींनी दोन्ही खाचा आणि टोकं नव्यानं बसवली, एक पट्टीची स्प्रिंग बदलली, बिजागराचा खिळा भरून नळ्यांचा हलका खेळ काढला. नळ्यांची जाडी जागोजागी मोजली. आतले ठिपके खोल नव्हते. ते घासून काढण्याचा मोह मी टाळायला लावला, कारण प्रत्येक घासणीत नळीची भिंत पातळ होते. काही डाग राहू द्यावेत. तोवर १६ मार्च २०२४ उजाडला, लोकसभेची आचारसंहिता लागली आणि बंदूक परत ठाण्यात. जूनमध्ये सुटली.

लाकडाचं काम पावसाळ्यात मामांच्या घरी, त्यांच्या समोर केलं. कुंद्याच्या मानेवर खडूची पूड स्पिरिटमध्ये कालवून लेप द्यायचा. वाळताना तो लेप लाकडातलं जुनं तेल ओढून घेतो आणि पिवळा पडतो. खरवडायचा, परत द्यायचा. सात वेळा केलं तेव्हा काळ्या लाकडातून अक्रोडाच्या रेषा वर आल्या. मग अळशीचं तेल. तळहातावर चार थेंब, हात गरम होईपर्यंत चोळायचं, एक दिवस थांबायचं. हे काम बहिणीनं केलं. शेतातून आली की हातपाय धुऊन चौकात बसायची. मामा रोज म्हणायचे, "अजून पंधरा मिनिटं." मधल्या काळात ऑगस्टमध्ये आमच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्यपदक घेतलं. माझ्या कॅडेट्सइतकीच तीही टी.व्ही.समोर खिळून होती. अथेन्सला २००४ मध्ये राज्यवर्धन राठोड साहेबांनी डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं ते याच बारा बोअरवर, हे मी तिला सांगितलं. एके दिवशी मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, "फॉर्म हिच्याच नावानं भर."

पुण्याहून मामेभावाचं प्रतिज्ञापत्र आलं. पोलीस चौकशी झाली. शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला तिनं काढला. त्यासाठी तिला मी घरी जे शिकवलं त्यात निम्मा वेळ उघडणं, बघणं आणि तोंड कुठे आहे यातच गेला. कॅडेट्सना जसं 'निरीक्षण के लिए जाँच शस्त्र' घोटून घेतो, तसंच.

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा. या वेळी पाटावर खरी बंदूक होती. मामांनी तिला कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं ते काय मागणार.

"एकच बार. चौकात. वर करून."

मला त्या क्षणी हो म्हणायचं होतं. त्यांच्या आयुष्यातला तुटलेला एक धागा सांधला जाणार होता. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या प्रसंगी हवेत गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. कायदा बाजूला ठेवला तरी वर गेलेले छर्रे कुणाच्या तरी छपरावर खाली येतातच. त्या घरात ही गोष्ट मी कुणाला समजावून सांगावी? मी म्हणालो, "मामा, इथे नाही. पण काढू."

ते रुसले. जेवताना बोलले नाहीत. सोनं द्यायला मात्र उठून आले.

बहिणीचं लायसन्स डिसेंबरात आलं. आम्ही तिघं आणि मिस्त्री एका परवानगीच्या रेंजवर गेलो. ६५ ची काडतुसं बहिणीनंच दुकानं पालथी घालून मिळवली होती. पहिले चार बार कुणीच खांद्यावर घेतले नाहीत. बंदूक जुन्या टायरला बांधली, चापाला दोरी, आणि आम्ही भिंतीमागे. प्रत्येक बारानंतर मिस्त्रींनी नळ्या सोडवून बघितल्या, काडतुसाचं पितळ बोटानं चाचपलं. सगळं ठीक. मग बहिणीनं सहा काढले. तिसऱ्याला खांदा सैल सोडला आणि ओरडली, चौथ्याला सुधारली.

शेवटी मामा. कानात बोळे, डोळ्यांवर चष्मा. बहिणीनं काडतूस पुढे केलं. त्यांनी ते उजव्या नळीत घातलं. तोंड मातीच्या बांधाकडे. मग त्यांनी बंदूक बंद केली. आम्ही शिकवली होती तशी हळू नाही. थोड्या जोरानंच.

आणि तसेच उभे राहिले.

मी मागे एक हात अंतरावर होतो. कॅडेट असता तर रागावलो असतो. मी मोजत होतो का मला आठवत नाही, पण बराच वेळ गेला. मामांनी बंदूक उघडली, काडतूस बघितलं, पुन्हा बंद केली. पुन्हा थांबले. मान न वळवता म्हणाले, "वाजत नाही रे."

"नाही वाजत मामा."

मग त्यांनी सेफ्टी पुढे सरकवली, बांधावर नेम धरला आणि चाप ओढला. धूळ उडाली. त्यांनी बंदूक उघडून रिकामं नळकांडं काढलं, वास घेतला आणि बहिणीच्या हातात दिलं.

हे लिहितोय तेव्हा बंदूक तात्यापाऱ्यातच आहे, लोखंडी कपाटात, तीन भागांत, कापडी पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. काडतुसं वेगळ्या कुलपात. चामड्याचं कव्हर रिकामं खुंटीला टांगलं आहे. शिकारीचा प्रश्न येत नाही, ती १९७२ च्या कायद्यानं संपली आणि संपली ते बरंच झालं. वर्षातून दोन-तीनदा रेंजवर जायचं, पंचवीस काडतुसं काढायची, फुलथ्रू मारायचा आणि परत ठेवायची, एवढाच तिचा वापर. ज्यांच्या घरी अशी दुनाळी पडून असेल त्यांना माझी एवढीच विनंती. आधी कागद बघा, मग मिस्त्री, मग शिक्के आणि खोबणीची लांबी. सँडपेपर दूर ठेवा. आणि घरातला कुणी म्हणाला की मी चाप ओढला नव्हता, तर त्याला खोटारडा म्हणण्याआधी कुलूप उघडून बघा.

यंदा घराचं छप्पर बदलायचं काढलं आहे. सुतार म्हणाला, तुळई चांगली आहे, भोकांत लांबी भरून रंग देऊ. मामा म्हणाले, राहू दे.

जय हिंद.